करणाऱ्याला काय मिळतं?

(रामनगर, वाराणसी येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर गणित शिकवलं आणि शिकवणीचा पैसा कधी घेतला नाही, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा म्हणूनच मला दुसरं काही सुचलं नाही. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी माणसं, त्यातही स्वतःला अभिमानानं हॅकर म्हणवून घेणारी माणसं, रात्र रात्र जागून काम करतात आणि झालेलं काम जगाला फुकट देऊन टाकतात. ती हे कशापायी करतात? वर्तमानपत्रांत हॅकर म्हटलं की बँकेच्या खात्यांवर डल्ला मारणारा. त्या चोरांबद्दल मला आज बोलायचं नाही. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते कळल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, आणि कळलेलं चारचौघांना दाखवल्याशिवायही चैन पडत नाही, त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

मार्च २०२४ मधली गोष्ट सांगतो. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारा, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रामर. तो आपल्या कामासाठी काही मोजमापं घेत होता. दूरच्या संगणकात प्रवेश करायला एसएसएच नावाचा प्रोग्राम वापरतात. तो नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त घेतोय, असं त्याच्या लक्षात आलं. तुम्ही-आम्ही असतो तर मशीन आज जरा संथ आहे म्हणून चहा प्यायला उठलो असतो. फ्रॉइंड उठला नाही. हा अर्धा सेकंद जातो कुठे, हे शोधत तो एकेक पायरी खाली उतरत गेला आणि एक्सझेड नावाच्या एका छोट्या उपकरणापाशी पोचला. फायली दाबून लहान करणारं हे उपकरण जगभरच्या लिनक्सवर असतं. त्यात कुणीतरी अतिशय हुशारीनं चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला फ्रॉइंडनं ते जाहीर केलं. चार-सहा महिने उशीर झाला असता तर तो दरवाजा जगातल्या असंख्य सर्व्हरांमध्ये जाऊन बसला असता.

त्याला हे काम कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यासाठी बक्षीसही लावलेलं नव्हतं. हिशेब जुळत नव्हता, एवढंच कारण. मला वाटतं, या लोकांच्या प्रेरणेचं मूळ तिथेच आहे. न जुळणारा हिशेब त्यांना सोसवत नाही.

या मंडळींचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये पन्नासच्या दशकाच्या अखेरीस खेळण्यातल्या आगगाड्यांचा एक क्लब होता. त्यातली पोरं रात्री संगणक मोकळा सापडला की त्यावर तुटून पडत. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्याच संस्थेत पुढे रिचर्ड स्टॉलमन होता. प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल, अशी सोय त्यानं जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्वतः केली होती. नवा लेझर प्रिंटर आला तो कुलूपबंद. आतला कोड बघायला मिळेना, त्यामुळे तीच सोय पुन्हा करता येईना. दुरुस्ती येत असून करता येत नाही, ही त्याची चीड होती. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यानं कुणालाही उघडता, बदलता, वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली लिहिण्याची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानं छंद म्हणून लिहिलेला लिनक्स हा गाभा त्या प्रणालीला येऊन मिळाला. आज तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो.

पुढे अभ्यासकांनी या लोकांनाच विचारलं की बाबांनो, का करता? करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांनी २८७ प्रकल्पांतल्या ६८४ जणांना प्रश्न केले आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. पहिली प्रेरणा निघाली ती निखळ आनंदाची, काहीतरी घडवताना येणाऱ्या तंद्रीची. त्यातल्या साधारण ४० टक्के लोकांना त्याच कामाचा पगारही मिळत होता. पगार मिळतो म्हणून आनंद आटला, असं काही दिसलं नाही. ही बाब मी मुद्दाम सांगतो, कारण प्रेमानं काम करणाऱ्याला पैसे कशाला द्यायचे, असा सोयीचा समज आपल्याकडे फार आहे. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता काशीत बसून एमआयटीचं कौतुक किती करायचं? ही वृत्ती आपल्या घरची आहे आणि तिचे पुरावे गंगेच्या त्या तीरावर आहेत. मला त्यावरच जास्त बोलायचं आहे.

कोकणात जंजिऱ्याजवळ नांदगाव आहे. तिथे केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी होते. ग्रह स्वतः पाहायचे आणि कोणत्या ग्रंथाचं गणित आकाशाशी जुळतं हे तपासायचं, असा त्यांचा बाणा. त्यांचा मुलगा गणेश. त्यानं शके १४४२, म्हणजे १५२० साली ग्रहलाघव लिहिला. ग्रहांची स्थानं काढण्याचा हा करणग्रंथ, आजच्या भाषेत प्रोग्रामच.

त्यात त्यानं काय केलं ते जरा जवळून बघू या. ग्रह आज कुठे आहे हे काढायचं तर आधी एका ठरलेल्या आरंभापासून किती दिवस लोटले ते मोजावं लागतं. त्याला अहर्गण म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून मोजलं तर गणेशाच्या काळी ही संख्या सोळा लाख सत्त्याऐंशी हजारांच्या पुढे गेली होती. तिला ग्रहांच्या भगणांनी, म्हणजे ठरलेल्या काळातल्या फेऱ्यांच्या संख्येनं, गुणायचं, भागायचं, तेही पाटीवर, हातानं, आणि एक आकडा चुकला की सगळं पाणी. करणग्रंथ आरंभ जवळ आणतात, पण वर्षं लोटली की संख्या पुन्हा फुगतेच. गणेशानं आपल्याच काळातला दिवस आरंभ धरला आणि शिवाय ४०१६ दिवसांचं, सुमारे अकरा वर्षांचं, एक चक्र कल्पिलं. पूर्ण चक्रं किती झाली ते पाहायचं, दर चक्राला प्रत्येक ग्रहासाठी एक ठरलेला ध्रुवांक वापरायचा, आणि उरलेल्या दिवसांचंच गणित करायचं. उरलेले दिवस ४०१६ च्या वर कधीच जात नाहीत. ग्रंथ आणखी चारशे वर्षं वापरला तरी संख्या लहानच राहते. नाहीतर जुन्या करणग्रंथांत वर्षं वाढली की आकडे वाढायचे, आकडे वाढले की चुका वाढायच्या.

याहून मोठी करामत पुढे आहे. ग्रहगणितात ज्या आणि चाप, म्हणजे आजच्या शाळेतला साइन आणि त्याचा उलटा, यांच्या कोष्टकांवाचून पान हलत नसे. गणेशानं सबंध ग्रंथातून ज्या-चाप काढून टाकले. त्यांच्या जागी साधे गुणाकार-भागाकार आणि छोटे अंक योजले, असे की उत्तरात पंचांगापुरता फरक पडू नये. ज्यानं कुणी कधी एखादा जड प्रोग्राम हलका करण्यासाठी रात्र घालवली असेल, त्याला हे वाचताना अंगावर काटा येईल. शिवाय हा माणूस लपवत काही नाही. कोणता ग्रह कोणत्या पक्षातून, म्हणजे कोणत्या जुन्या गणितपरंपरेतून, घेतला हे तो श्लोकात सांगून टाकतो. शनी आर्यपक्षातला घेतला आणि आकाशाशी जुळावा म्हणून त्यात पाच अंश मिळवले, हेसुद्धा उघड सांगतो. आज कोडच्या माथ्यावर कुणाचं काय घेतलं आणि कुठे दुरुस्ती केली ते लिहिण्याची शिस्त आहे. तीच ही.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ग्रंथाच्या शेवटी त्यानं लिहिलेलं. पूर्वीच्या थोरांनी एखाद्या ठिकाणी ज्या-चापावाचून काही साधलं तर ते गर्वाच्या शिखरावर चढले. मी तर सगळंच त्याविना साधलं, तर मला गर्व का नसावा, असं तो आधी विचारतो आणि लगेच सांगतो, की मी शिकलो त्यांच्याच ग्रंथांवरून, म्हणून मला तो नाही. या दोन वाक्यांत हॅकरची सगळी मनोवृत्ती आली. आपण केलेली गोष्ट अवघड होती हे त्याला पक्कं माहीत असतं, जाणत्यांनी ते ओळखावं असं मनापासून वाटतं, आणि ती उसन्या घेतलेल्या विद्येवर उभी आहे याचंही भान असतं. लखानी-वुल्फांच्या आकड्यांनी जे सांगितलं त्यापेक्षा हे मला जास्त पटतं, कारण इथे करणारा स्वतः बोलतोय.

आणि हा ग्रंथ काशीला कसा आला? गोदाकाठच्या गोळग्रामचे दिवाकर हे गणेशाचे शिष्य. त्यांच्या घरातली पुढची पिढी काशीत येऊन राहिली. दिवाकरांचे पुत्र विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर उदाहरणं लिहिली, म्हणजे सूत्राला प्रत्यक्ष तारीख घेऊन, आकडे मांडून, उत्तर काढून दाखवलं. कोड लिहिणाऱ्याची कीर्ती होते. तो कसा चालवायचा हे समजावून लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकातले पंचांगकर्ते शेकडो वर्षं ग्रहलाघव चालवू शकले त्यात विश्वनाथांसारख्यांचा वाटा किती असेल, याचा अंदाज प्रोग्रामर मंडळींना येईल. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्रात या सगळ्या घराण्यांची साखळी जोडून दिली नसती तर आपल्याला ती आज सापडलीही नसती.

त्याच घराण्यात पुढे कमलाकर झाले. त्यांचा सिद्धांततत्त्वविवेक इथे काशीत १६५८ साली पुरा झाला. ध्रुवतारा अचल नाही, तोही हलतो, हे त्यांनी लिहून ठेवलं. विदर्भातून आलेल्या घराण्यातले मुनीश्वर त्याच काळी काशीतच होते, आणि या दोन मराठी घराण्यांचं गणितावरून असं वाजलं की खंडनाचे ग्रंथ एकमेकांवर फेकले गेले. वाद ग्रहांच्या गतीचा, पण भाषा कित्येकदा माणसाच्या वर्मी लागणारी.

हेही हॅकरांच्या जगात जसंच्या तसं आहे, आणि त्याबद्दल मी गोड बोलणार नाही. चूक दाखवणं हा तिथे आदराचा प्रकार मानतात. ते बरोबरच आहे. पण चूक दाखवता दाखवता माणूस तुडवण्याची सवय लागते. लिनस टॉर्वाल्ड्सनं वर्षानुवर्षं लोकांना झोंबणारी पत्रं लिहिली. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्यानं त्याबद्दल माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाला, आणि लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांसाठी वागणुकीची संहिता आली. या उद्धटपणामुळे किती जण, विशेषतः किती मुली, पहिल्याच पत्रानंतर परत फिरल्या असतील याची मोजदाद कुठेच नाही. गुणवत्तेच्या नावाखाली हे खपवून घेतलं जातं. माझ्या मते गुणवत्तेचं यात नुकसानच होतं. ज्याला हिशेब न जुळल्याची बोच लागते तो माणूस स्वभावानंच हळवा असतो. त्याला हुसकावून लावून आपण काय मिळवतो?

दाद न मिळण्याचंही दुःख असतं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आकड्यांत रमले होते. कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. समजा ३५२४. अंक उतरते मांडा, ५४३२. चढते मांडा, २३४५. वजा करा, ३०८७ येतात. पुन्हा तेच करा, ८७३० उणे ०३७८, ८३५२. पुन्हा, ८५३२ उणे २३५८, ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येतात. आणि कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. १९४९ साली कापरेकरांना हे सापडलं. विद्यापीठातल्या बहुतेक गणितज्ञांनी त्याला पोरखेळ मानलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा जगानं दखल घेतली. आज प्रोग्रामिंग शिकणारी मुलं सुरुवातीच्या धड्यांत हाच प्रोग्राम लिहितात. कापरेकरांना हे करून काय मिळालं, असा प्रश्न विचारणाऱ्यानं एकदा कागद-पेन्सिल घेऊन स्वतः ६१७४ पर्यंत जाऊन यावं.

आता आपल्या लिपीकडे येतो, कारण माझं स्वतःचं कामाचं आयुष्य तिथे गेलं. संगणकावर देवनागरी उमटते हे आजच्या मुलांना हवा-पाण्यासारखं वाटतं. ती उमटावी म्हणून कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि सहकारी ऐंशीच्या दशकात झटले. ते काम पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये आलं. भारतीय लिप्यांचा इस्की हा संकेत आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातून आले. १९९१ च्या युनिकोडमधली देवनागरी त्या इस्कीच्याच सांगाड्यावर बेतलेली आहे. आयआयटी मुंबईतले सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा मंगल हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला.

पण मराठीची दुखणी वेगळी होती. आचार्यांना दक्षिणा दिली आणि आचाऱ्यांना दक्षिणा दिली, यात पंक्तीच्या दोन टोकांची माणसं आहेत. एकात रफार, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा अर्धा र. कुऱ्हाड, बिऱ्हाड, दऱ्या, तऱ्हा, सगळीकडे तो लागतो. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून हिंदीपुरते बनवलेले फॉन्ट त्याच्या जागी भलतंच काही काढत. युनिकोडमध्ये तो मिळवायचा मार्ग आडवळणाचा आहे. खाली नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, त्याला हलन्त जोडायचा, मग य किंवा ह. असं झालं की नुक्ता नाहीसा होऊन चंद्रकोर दिसली पाहिजे. हे प्रत्येक फॉन्टच्या पोटात कुणीतरी बसून लिहावं लागतं. ॲ या अक्षराचंही तसंच. मराठीत ते रोज लागतं, पण त्याला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. तोवर अ ला वरून अर्धचंद्र चिकटवून भागवत होते.

आमच्याकडे एक तरुण सहकारी होता. दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी गेले आणि हा त्या अर्ध्या र वर बसला. एका मुक्त फॉन्टमध्ये र नंतर ह आला की चंद्रकोर वाकडी पडत होती. कामाच्या यादीत ते नव्हतं, कुणा ग्राहकानं मागितलं नव्हतं. मी विचारलं, अरे, घरी का गेला नाहीस? त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "सर, कुऱ्हाड चुकीची दिसत होती." दुरुस्ती झाली, त्यानं ती सगळ्यांसाठी खुली केली. ती वापरणाऱ्या कुणालाही त्याचं नाव माहीत नाही. तो पुढे दुसऱ्या गावी गेला. मी अजूनही छापील मराठीत कुऱ्हाड दिसली की तिच्याकडे नीट बघतो.

या कामात परक्यांचा हात किती आहे, तेही सांगायला हवं. अक्षरं जोडून पडद्यावर मांडण्याचं काम आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड या सगळ्यांत हार्फबझ नावाचं खुलं सॉफ्टवेअर करतं. ते मुख्यतः बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरनं उभं केलं. देवनागरी बरोबर जोडली जाते का हे पाहण्यासाठी विकिपीडियातून काढलेले सात लाखांहून अधिक देवनागरी शब्द त्यानं आपल्या प्रोग्राममधून आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राममधून काढून, ताडून पाहिले. न जुळणारे शब्द शंभराच्या आत येईपर्यंत तो थांबला नाही. उरलेले किती, याचे आकडेही त्यानं कोडबरोबर नोंदवून ठेवले. त्याची मातृभाषा फारसी. आपली जोडाक्षरं आपल्यापेक्षा निगुतीनं पाहणारा हा माणूस मला कमलाकरांच्या परंपरेतला वाटतो. त्या पंडितानंही अरबी-फारशी ज्योतिषातलं चांगलं ते घ्यायला संकोच केला नव्हता.

आता रामनगरकडे वळतो. इथली रामलीला एकतीस दिवस चालते हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. ध्वनिक्षेपक नाही, विजेचा झगमगाट नाही, मशाली आणि पेट्रोमॅक्स. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका, सगळं या गावात आणि भोवतीच्या रानात पसरलेलं. त्यात मला सर्वांत ओढ वाटते ती नेमींची. रोज न चुकता येतात, कडेला बसतात, पोथी मांडीवर उघडलेली असते, आणि पोथी गाणारे रामायणी गायला लागले की ओळीवर बोट ठेवून बरोबर म्हणतात. त्यांना कुणी बोलावलेलं नाही. पोथी सर्वांची आहे आणि चुकलेलं पद तिथल्या तिथे कळेल इतके डोळे तिच्यावर आहेत. खुलं सॉफ्टवेअर टिकतं ते अशाच नेमींच्या बळावर.

मात्र ही लीला नुसत्या भक्तीवर दोन शतकं चाललेली नाही. तेल, वस्त्रं, पुतळे, जागा यांचा भार काशीनरेशांच्या दरबारानं वाहिला. मूळच्या गोदाकाठच्या टोक्याच्या घराण्यातल्या, नागपुरात शिकून काशीच्या संस्कृत कॉलेजात प्राध्यापक झालेल्या बापूदेव शास्त्रींची गोष्टही तीच. १८६१ साली त्यांनी सूर्यसिद्धांताचं इंग्रजी भाषांतर छापलं. पुढे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं, नॉटिकल अल्मनाकच्या आधारानं केलेलं पंचांग काढायचं ठरवलं तेव्हा जुन्या मताचे लोक रागावले. ते पंचांग निघालं ते इथल्या गादीच्या आश्रयानं. महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह त्या वेळी गादीवर होते. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्र्यांचं तसंच पंचांग आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीनं निघालं आणि पटवर्धनी म्हणूनच ओळखलं गेलं. अचूकतेचा ध्यास विद्वानाचा, छपाईचा खर्च दुसऱ्याचा. दोन्ही जमलं म्हणून गणित सुधारलं.

एक्सझेडच्या गोष्टीचा मी सांगितला नाही तो अर्धा भाग इथे सांगतो. ते उपकरण फिनलंडमधला लासे कॉलिन हा एकटा माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता, काम संथ झालं होतं, आणि ते त्यानं उघडपणे लिहिलंही होतं. तेव्हा अनोळखी नावांनी त्याच्यावर तगादे सुरू झाले, की तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. मदतीला आला जिया तान नावाचा कुणी. दोन वर्षांहून अधिक काळ त्यानं चोख काम केलं, विश्वास मिळवला, किल्ल्या हाती घेतल्या, आणि चोरदरवाजा बसवला. खोटा मदतनीस आत शिरू शकला, कारण खरा मदतनीस कुणी पाठवलाच नव्हता. ज्या अब्जावधींच्या कंपन्या ते उपकरण रोज वापरत होत्या, त्यांच्यापैकी एकीलाही त्या माणसाची विचारपूस करावीशी वाटली नव्हती. याआधी २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये मोठी चूक सापडली, तेव्हा कळलं की जगातल्या कितीतरी आर्थिक व्यवहारांना कुलूप पुरवणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या दोन हजार डॉलरच्या आसपास.

मला याचा संताप येतो. आनंदासाठी करतो म्हणून याला काही द्यायला नको, हा हिशेब करणारे लोक त्याच्या आनंदावर जगतात आणि तो आटला की त्यालाच दोष देतात. काही चांगलं घडतं आहे. जर्मनीच्या सरकारनं २०२२ मध्ये अशा सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी निधी उभारला. आपल्याकडे बेंगळुरूच्या झेरोधानं २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. मराठीसाठी, देवनागरीसाठी असं कोण करतंय? शासन मराठीच्या नावानं खर्च करतं तो बहुतेक समारंभांवर आणि दर काही वर्षांनी नव्यानं मागवलेल्या वस्तूंवर. दहा वर्षांपूर्वी बनवलेला फॉन्ट, शब्दकोश, शुद्धलेखन तपासनीस आज नव्या मशीनवर चालतो का, हे बघणाऱ्याला पगार देण्याची तरतूद कुठेच नसते. नवं करणाऱ्याला हार, जुनं चालू ठेवणाऱ्याला काही नाही.

विद्यार्थी मित्रांनी आधीच मला विचारलं आहे की आता यंत्रच कोड लिहू लागलं, मग या सगळ्याचं काय? यंत्र शिकलं ते पुष्कळ अंशी याच लोकांनी खुल्या ठेवलेल्या कोडवर. ते भराभर लिहितं हे खरं. पण अर्धा सेकंद कुठे गेला, हे बघायला कोणाला तरी उठावंसं वाटलं पाहिजे, आणि यंत्रानं जितकं जास्त लिहावं तितकं ते बघणाऱ्यांची गरज वाढणार आहे.

म्हणून एक काम मी तुमच्यापुढे ठेवतो. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालांवर रुमाल आहेत, आणि ते वाचणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. छायाचित्रावरून मोडी वाचणारा खुला प्रोग्राम करायचा तर यंत्राला दाखवायला हजारो ओळी लागतात, शेजारी जाणत्यानं केलेलं देवनागरी लिप्यंतर लागतं, आणि हस्ताक्षरं वेगवेगळी लागतात. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, इथल्या जुन्या मराठी वाड्यांत ज्यांच्या माळ्यावर मोडी कागद असतील, त्यांनी ते मुलांना उघडून दाखवावेत, छायाचित्रं घेऊ द्यावीत. ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसावं. बनारस हिंदू विद्यापीठातल्या आणि आयआयटीतल्या ज्या मुलांना यात पडावंसं वाटेल, त्यांनी आज जाण्याआधी आपली नावं आयोजकांकडे लिहून द्यावीत. आणि आयोजकांना माझी विनंती आहे, की या व्याख्यानाचं मानधन मला देऊ नका. त्यातून सर्व्हरचं पहिल्या वर्षाचं भाडं भरा आणि दुसऱ्या वर्षाचं कोण भरणार, ते नाव आजच ठरवा.